मशीनचा क्लेम रिजेक्ट झालाय? अपील असं करा

सीपॅप, ऑक्सिजन, व्हीलचेअर अशा घरी वापरायच्या मेडिकल मशीनचा क्लेम आरोग्य विमा कंपनीने नाकारला म्हणजे विषय संपला असं समजून बरेच जण स्वतःच्या खिशातून मशीन घेऊन मोकळे होतात, आणि याचंच फार वाईट वाटतं, कारण अपील करता येतं आणि कागद नीट लावले तर निर्णय बदलतोही.

आधी रिजेक्शनचं पत्र नीट वाचा. कस्टमर केअरवर फोनवर काय सांगितलं ते धरू नका, नाकारण्याचं कारण लेखीच मागा आणि पॉलिसीचं कुठलं कलम लावलंय तेही विचारा. कागद अपुरे म्हणून अडलं असेल तर राहिलेला कागद पाठवून बऱ्याचदा काम होऊन जातं. ते मशीन पॉलिसीतच वगळलेलं असेल तर मात्र अवघड आहे, तिथे वगळलेल्या यादीतले शब्द तुमच्या मशीनला खरंच लागू होतात का ते बघा.

खरी मेहनत लागते ती 'वैद्यकीय गरज दिसत नाही' असं लिहून आलं की. इथे सगळी मदार डॉक्टरांच्या पत्रावर. "पेशंटला मशीनची गरज आहे" एवढ्या एका ओळीने काही होत नाही हो, आकडे लागतात. सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन) असेल तर स्लीप स्टडीतला, म्हणजे झोपेच्या तपासणीतला एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो ते, 15 पासून मध्यम आणि 30 पासून तीव्र धरतात, पण 5 ते 14 मध्ये असेल तर दिवसा येणारी झोप, बीपी हे सगळं पत्रात आलंच पाहिजे. घरच्या ऑक्सिजनसाठी ऑक्सिजन न लावता, आराम करताना मोजलेलं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, तारखेसकट द्या, 88 टक्के किंवा त्याखाली असेल तर केस भक्कम. व्हीलचेअरला काठी किंवा वॉकरने का भागत नाही, बाथरूमपर्यंत जाता येतं का, असं स्पष्ट लिहून घ्या. साधा पर्याय वापरून बघितला आणि उपयोग झाला नाही हे तर हमखास लिहून घ्या, क्लेम तपासणारा आधी तेच शोधतो.

तुमचं स्वतःचं पत्र एक पानाचंच ठेवा. क्लेम नंबर, त्यांचं कारण त्यांच्याच शब्दात, खाली त्याचं उत्तर, मागे रिपोर्ट जोडलेले. राग साहजिक आहे पण पत्रात नको.

मुदत पत्रातच असते, ती चुकवू नका, आणि पाठवल्याची पोच घ्या. मशीनवाचून जिवाला धोका असेल तर तातडीने निर्णय द्या असं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. कंपनीने पुन्हा नाकारलं तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) किंवा कंपनीबाहेरच्या कुणाकडून फेरतपासणीची सोय आहे का बघा, तिथे हीच फाईल लागते, म्हणून प्रत्येक कागदाची कॉपी जपून ठेवा.