आधी खुराडं, मग घर: पोर्तुगालच्या खेड्यात जुनं दगडी घर दुरुस्त करताना

आमच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी बकऱ्या, डुक्कर आणि कोंबड्या असायच्या, माणसं वर राहायची. थंडीत जनावरांची ऊब फळ्यांच्या फटींतून वर यायची. या तळमजल्याला इथे ‘लॉझा’ म्हणतात. गाव मध्य पोर्तुगालमधलं, फुंदाऊं तालुक्याच्या पश्चिमेला, झेझेर नदीच्या अंगाचं. घर शिस्टचं, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांच्या काळपट दगडाचं.

मी वेंगुर्ल्याची. नवऱ्याची आई गोव्याची, १९६१च्या आधी तिथे जन्मलेली, त्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आमच्यासाठी उघडी होती. आम्ही आलो तेव्हा सोबत मोती होता, आमचा गावठी कुत्रा. वर्षभरात पिंटा नावाची इथलीच एक कुत्री दारात येऊन बसली ती राहिलीच. मग कोंबड्या आल्या. छप्पर तेव्हा अर्धं खाली आलेलं होतं.

जुनं घर कसं दुरुस्त करावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात, कोंबड्या कशा पाळाव्यात हे सांगणारेही. पण दोन्ही एकाच अंगणात, एकाच वेळी चालू असतात तेव्हा काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नाही. माझ्या अनुभवातून एक गोष्ट ठाम झाली आहे: कामाचा क्रम जनावरांकडे बघून लावायचा. कुंपण आणि खुराडं आधी, घर नंतर. आम्ही उलटं केलं आणि त्याची किंमत सात कोंबड्यांनी दिली.

कागद

घर घेण्यापूर्वी दोन उतारे हातात घ्या: कर खात्याकडचा ‘कादेर्नेता प्रेदियाल’ आणि नोंदणी कार्यालयातली ‘सेर्तिदाऊं’. दोन्हींत क्षेत्रफळ आणि मालकांची नावं जुळली पाहिजेत. इथली अर्धी गावं फ्रान्समध्ये कामाला गेलेली आहेत, एकेका घरावर पाच-सहा वारस असतात आणि सगळ्यांची सही लागते. घर ‘उर्बानु’ नोंदलेलं आहे की ‘रुश्टिकु’, हेही पाहा. उर्बानु म्हणजे बांधलेली इमारत, रुश्टिकु म्हणजे शेतजमीन, आणि तिच्यावरच्या दगडी मांगराला राहतं घर करणं फार अवघड आहे. बांधकामाला हात लावण्यापूर्वी नगरपालिकेत एकदा तोंडी विचारून या. आत डागडुजी करणं आणि छपराची उंची बदलणं या त्यांच्या लेखी अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

कुत्रा भारतातून आणायचा असेल तर घराच्याही आधी त्याची तयारी सुरू करा. क्रम असा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवस थांबून रक्ताचा नमुना. तो युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जातो, आणि त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यावं लागतं. नमुना घेतल्यापासून तीन महिने पूर्ण झाल्यावरच प्रवास. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. मोतीला आम्हाला ती पुन्हा द्यावी लागली. इथे पोचल्यावर चिपची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करायची आणि परवाना ‘झुंता’त, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कचेरीत, काढायचा. कोंबड्या आणण्यापूर्वी त्यांच्या नोंदणीचंही तिथेच विचारा. बर्ड फ्लूचा धोका वाढला की पक्षी बंदिस्त ठेवायचे आदेश निघतात, ते तुम्हाला वेळेवर कळले पाहिजेत.

अंगणाचे तीन भाग

जागा कितीही असो, पहिल्याच आठवड्यात तिचे तीन भाग करा: कामाचं अंगण, कुत्र्यांचा भाग, कोंबड्यांचा वाडा. कामाच्या अंगणात वाळू, चुना, लाकूड, कौलं, आणि तिथे कोणतंही जनावर नाही. हा नियम मोडायचा नाही, ‘आज फक्त पाच मिनिटं’ म्हणूनही नाही. वाळूचा ढीग दिसला की कोंबडी त्यात धूळस्नान करणारच. त्या वाळूत चुना मिसळलेला असेल तर तिची कातडी, डोळे आणि श्वास, तिन्हींना त्रास होतो.

खुराडं जमिनीपासून हातभर उंच ठेवलं तर खाली उंदीर ठरत नाहीत आणि पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तळ कुजत नाही. बसायच्या दांडीवर कोंबडीमागे वीतभर जागा धरा, आणि चार-पाच कोंबड्यांना अंड्यांसाठी एक खोका. हे सोपं. खरी मेहनत जाळीची आहे. दुकानात जी सहा कोनांची ‘कोंबड्यांची जाळी’ मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण खाणाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कोल्हा ती दातांनी ओढून फाडतो. १२ मिलिमीटर चौकोनांची वेल्डेड जाळी घ्या, आणि ती कुंपणाच्या पायाशी बाहेरच्या बाजूला दोन वीत आडवी पसरून मातीखाली गाडा. उकरणारं जनावर कुंपणाला लागूनच उकरतं, आणि जाळी लागली की सोडून देतं.

इथे रात्री कोल्हा येतो, जिनेट नावाचं ठिपक्याठिपक्यांचं मांजरासारखं जनावर येतं, आणि ‘फुइन्या’ म्हणून एक मुंगसाएवढं लांबट जनावर आहे ते मुठीएवढ्या फटीतूनही आत शिरतं. आम्ही रात्रीचा बंदोबस्त चोख केला आणि निर्धास्त झालो. सात कोंबड्या गेल्या त्या दिवसाढवळ्या. शेजारच्या आजींनी पाऊलखुणा पाहून सांगितलं, ‘साकाराबुश’. म्हणजे मुंगूस. आफ्रिकेत आढळणारं मोठं मुंगूस, जे पोर्तुगाल आणि स्पेनच्या दक्षिण भागात पूर्वीपासून आहे आणि हळूहळू उत्तरेकडे सरकलं आहे. ते दिवसा शिकार करतं. मुंगूस दिवसा हिंडतं हे आम्हा कोकणातल्या माणसांना लहानपणापासून ठाऊक, पण युरोपात ते असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा वाड्याला वरूनही जाळी हवी. निदान तुम्ही घराच्या आत कामात असाल त्या वेळात कोंबड्या बंद वाड्यातच असाव्यात.

सुरुवात बाजारातून आणलेल्या तलंगांपासून करा, चार-साडेचार महिन्यांच्या. पिल्लं वाढवण्याएवढं लक्ष बांधकामाच्या वर्षात देता येत नाही. इथल्या जुन्या जाती, ‘पेद्रेश’ आणि ‘आमारेला’, अंडी संकरित कोंबड्यांपेक्षा कमी देतात, पण खुडूक बसतात आणि स्वतः चरून खातात. माझं मत त्यांच्या बाजूनं आहे.

भिंती: सिमेंट दूर ठेवा

या भिंती दोन-अडीच फूट जाड असतात आणि दगडांच्या मध्ये माती असते. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि दर्जांमधून, म्हणजे दगडांच्या सांध्यांतून, बाहेर सुकते. सिमेंटचा गिलावा केला की बाहेर पडायची वाट बंद होते, ओल आत साठते आणि आणखी वर चढते. आमच्याकडे आलेल्या पहिल्या गवंड्यानं उत्तरेची भिंत आतून सिमेंटनं लिंपली. दोन हिवाळ्यांत गिलाव्याला फुगवटे आले आणि वरच्या मजल्याच्या वाशांची भिंतीतली टोकं मऊ पडली. सगळं उकरून काढायला पहिल्या कामाहून जास्त दिवस लागले.

लॉझात आणखी एक अडचण असते. पिढ्यानपिढ्या जनावरांचं मूत भिंतीत मुरलेलं असतं, आणि त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे बाहेर येत राहतात. हाच लोणा. लोणा घासून, झाडून काढा. पाण्यानं धुऊ नका, तो पुन्हा आत जातो. मग चुन्याचा पातळ गिलावा करा आणि मनाशी धरा की तो बळी द्यायचा आहे. क्षार त्यात उतरतील, दोन-चार वर्षांत तो भुरभुरेल, तेव्हा खरवडून नवा करायचा. आम्ही एकदा केला आहे, दुसऱ्यांदा यंदा करू.

दर्जा भरायच्या तर जुनी माती बोटाच्या पेराइतकी आत, साधारण तीन सेंटीमीटर, उकरा. भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा. मग पाण्यात घट्ट होणारा नैसर्गिक चुना, गोणीवर ३.५ हा आकडा असलेला, एक भाग आणि स्वच्छ धारदार वाळू अडीच भाग. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम नको, आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हातही नको. एप्रिल-मे आणि सप्टेंबर हे चुन्याचे महिने. थर बोटभराहून जाड देऊ नका, आणि दुसरा थर देण्यापूर्वी मिलिमीटरमागे एक दिवस थांबा. मधल्या दिवसांत ओली गोणपाटं टांगून ठेवा.

भाषेची काळजी फार करू नका. कामाच्या जागी अर्धे शब्द आपल्याच ओळखीचे निघतात. ‘मेश्त्र’ म्हणजे मेस्त्री, ‘बाल्द’ म्हणजे बादली, ‘गामेला’ म्हणजे घमेलं, ‘शाव्’ म्हणजे चावी. काही शतकांपूर्वी पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणून ठेवलेले शब्द मी इथे परत वापरते, आणि मेस्त्रींना दर वेळी त्याचं नवल वाटतं.

चुना कुत्र्याच्या पंजाला लागला तर साध्या पाण्यानं खूप वेळ धुवा. तो चाटून काढू देऊ नका. डोळ्यात गेला तर वीस मिनिटं तरी पाण्याची धार धरा आणि तसेच डॉक्टरकडे निघा.

जे खाऊ नये ते

कोंबडी चमकतं ते टिपते. म्हणून दर संध्याकाळी काम थांबल्यावर मी दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवते. खिळे, स्क्रू, तारेचे तुकडे त्याला चिकटून येतात. थर्माकोल तर त्यांना भारीच आवडतो. आजकाल इथे बाहेरून थर्माकोलचे तक्ते लावून वर गिलावा करायची पद्धत आहे. त्याचा चुरा वाऱ्यानं सगळीकडे जातो. आम्ही त्याऐवजी बुचाच्या लाकडाचे तक्ते घेतले. बूच पोर्तुगालइतकं जगात कुठेच निघत नाही, आणि ते भिंतीला श्वास घेऊ देतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट जुन्या रंगाची. जुन्या दारं-खिडक्यांच्या तैलरंगात शिसं असू शकतं. तो खरवडला की पापुद्रे मातीत मिसळतात, कोंबड्या माती टिपतात, आणि शिसं अंड्याच्या बलकात उतरतं. अंडं शिजवून ते जात नाही. दारं काढून बंद जागेत न्या, रंग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा. घराच्या भिंतीलगतची दोन मीटर पट्टी कोंबड्यांना कायमची बंद ठेवा.

गोठ्यावर करड्या नालीदार सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, तोडू नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे, आणि ते परवानाधारक कंपनीकडूनच काढून घ्यायचं.

उंदरांचं औषध आमच्या आवारात येत नाही. विष खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तर कुत्राही मरू शकतो. दाणा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला की निम्मा प्रश्न मिटतो. पिंजरे लावा. वाशांना भुंग्याचं औषध मारलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत त्या खोलीचं दार बंद ठेवा.

कुत्रे

मोती कोंबड्यांतच वाढलेला, त्याला शिकवावं लागलं नाही. पिंटानं पहिल्या दिवशी जाळीवर उडी घेतली. तीन आठवडे रोज सकाळी मी तिला दोरीवर घेऊन वाड्यापासून दहा पावलांवर बसले. तिनं कोंबड्यांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं की हातातला तुकडा तिला. मग आठ पावलं, मग पाच. दोरी सोडली ती चौथ्या महिन्यात, आणि एकटं सोडलं नाही ते वर्षभर. घाई केली असती तर तिच्या हातून कोंबडी मेली असती आणि दोष तिला लागला असता.

जानेवारीपासून पाइनच्या झाडांच्या शेंड्यांवर कापसासारखी पांढरी घरटी दिसतात का ते पाहा. त्यातल्या केसाळ अळ्या हिवाळ्याच्या अखेरीस रांगेनं खाली उतरतात. कुत्र्यानं हुंगलं किंवा चाटलं की जीभ सुजते, काळी पडते, तुकडा गळूनही पडतो. हातमोजे घाला, तोंड पाण्यानं धुवा, चोळू नका, आणि त्याच मिनिटाला डॉक्टरकडे निघा. उन्हाळ्यात वाळूमाशी चावून कुत्र्यांना लेश्मानिया या परजीवीचा रोग होतो. त्यासाठी डेल्टामेथ्रिनचा पट्टा गळ्यात घाला आणि तिन्हीसांजेपासून कुत्रे घरात घ्या.

आग

१७ जून २०१७ रोजी पेद्रोगाऊं ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसं गेली. आमच्या गावात तो दिवस अजून बोलला जातो. घराभोवती ५० मीटरपर्यंत गवत-झुडपं साफ ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे; मुदत बहुधा ३० एप्रिलची असते, पण दर वर्षी झुंतातली पाटी वाचा. घरापासून पाच मीटरांत झाड नको. कोंबड्यांचा वाडा मी दर वसंतात थोडा सरकवते, त्यामुळे भिंतीलगतची दोन मीटर सोडून पलीकडची पट्टी त्याच उकरून नागडी करतात. बांधकामाचं लाकूड, बुचाचे तक्ते, पेंढा हे उन्हाळ्यात भिंतीला टेकून ठेवू नका.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या दारात दोन कुत्र्यांचे पट्टे, चिपचे कागद, पाण्याचा कॅन आणि झाकणाच्या चार टोपल्या तयार असतात. कोंबड्या दिवसा पकडायला अर्धा तास जातो, अंधारात दांडीवरून उचलायला पाच मिनिटं. म्हणून डोंगरापलीकडे धूर दिसला की त्या रात्री आम्ही त्यांना खुराड्यात ठेवत नाही. टोपल्यांतच, लॉझाच्या दाराशी, गाडीजवळ.