कोकणात वेगवान गाडीसाठी ब्रेक पॅड कसे निवडावेत

ऑक्टाव्हिया आरएस असो, व्हर्टस जीटी असो की आय२० एन लाइन, अशा वेगवान गाडीचे ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे, बदलायची वेळ आली की पहिली चर्चा होते ती तापमानाची. कुठला पॅड ६०० अंश सोसतो, कुठला ७००. आंबा, कुंभार्ली, आंबोली हे घाट नेहमीच्या वाटेवर असताना ही चौकशी चुकीची नाही, पण अपुरी आहे. कोकणात पॅडला दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. आषाढात रात्रभर भिजलेल्या डिस्कवर सकाळचा पहिला ब्रेक लागला पाहिजे, आणि तासाभराने घाट उतरताना तीच डिस्क भाजून निघाली तरी पकड सुटता कामा नये. त्यात खारी हवा. ती पॅडवरचं घासणारं मटेरियल शिल्लक असतानाच पॅड निकामी करते. या तीन गोष्टींना पुरा पडेल तो पॅड घ्यायचा, मग डब्यावर रेसचं चित्र असो वा नसो.

नवे पॅड शोधण्याआधी जुने काढून हातात घ्या आणि नीट बघा, कारण काय घ्यायचं ते अर्धंअधिक तिथेच कळतं. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं, ३ मिलिमीटरवर आलं की बदलायचं. नुसती जाडी मोजून थांबू नका. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पिस्टन (पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या) परत मागे येत नाही किंवा कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) ज्या स्लाइड पिनांवर सरकतो त्या अडकल्यात. एकच पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असेल तरी पिना आणि क्लिपांची जागा तपासा. हा दोष न काढता कितीही महागडा पॅड घातला तरी तोही तसाच झिजेल. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत असेल तर पॅड ग्लेझ झालाय, म्हणजे तापून त्याचा वरचा थर कडक, गुळगुळीत झालाय. कडा पांढुरक्या पडून भुगा होत असेल तर तो त्याच्या मर्यादेबाहेर तापलाय, म्हणजे नवा पॅड उष्णता सोसण्यात एक पायरी वरचा हवा. हे काहीच नसेल, झीज सरळ आणि एकसारखी असेल, तर कंपनीचाच पॅड पुन्हा घ्यावा. उगाच पैसे घालवण्यात अर्थ नाही.

आता पॅड आडवा धरून पाठीचा पत्रा आणि मटेरियल यांच्यामधली रेघ बघा. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत, मालवण-वेंगुर्ल्यापासून दापोली-मुरुडपर्यंत, खरी गोम इथे असते. रंगाचा पोपडा उडालेला असतो, त्याखाली गंजाचे पापुद्रे फुगलेले असतात आणि ते मटेरियलला पत्र्यावरून हळूहळू उचलत असतात. नखाने टोकरलं तर खपली निघते. असा पॅड ६ मिलिमीटर शिल्लक असला तरी फेकायचा. घाटात तापल्यावर मटेरियलचा तुकडा सुटला तर लोखंडावर लोखंड घासतं. म्हणून नवा पॅड घेताना पाठीचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे का, निदान पावडर कोटिंग सगळीकडे, कडांनाही सारखं आहे का, ते पाहा. काही पॅडमध्ये मटेरियल नुसतं चिकटवलेलं नसतं, पत्र्यावर उठवलेल्या बारीक आकड्यांत (हुकांत) ते अडकवलेलं असतं. समुद्राजवळ राहणाऱ्याने असा पॅड मिळाला तर सोडू नये.

घाटात ब्रेक कमी पडल्याचा अनुभव असेल तर तो नेमका कसा होता ते आठवा. पेडल कडक होतं, पाय दाबूनही गाडी थांबत नव्हती, तर पॅड फेड झाला, म्हणजे जास्त तापून त्याची पकड गेली. पेडल मऊ पडून खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली. दुसऱ्या बाबतीत पॅड बदलून काहीही साधणार नाही. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं १५५ च्या आसपास. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. कोकणच्या दमट हवेत हा ओलावा लवकर मुरतो, तेव्हा बहुतेक कंपन्यांची दोन वर्षांची मुदत इथे एक वर्षावर आणावी आणि पावसाळा संपला की ऑइल बदलावं. ईएसपीसाठी (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी) कंपनीने पातळ, क्लास ६ चं डॉट ४ सांगितलं असेल तर तेच घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं. नाव सारखं वाटतं म्हणून ते कधीही मिसळू नका.

घाटात किती उष्णता तयार होते याचा हिशेब एकदा करून ठेवावा. १५०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरली की सुमारे ८८ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे जवळपास अडीच युनिट वीज. काही भाग हवा आणि टायर घेतात, काही इंजिन. उरलेली सगळी डिस्कमध्ये जाते आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. डीएसजी (स्कोडा-फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेली गाडी डी मध्येच ठेवून उतरलात तर गिअरबॉक्स वरचा गिअर धरतो आणि इंजिनचा हातभार फारसा मिळत नाही. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरला, वळणाआधी ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबला आणि मग पूर्ण सोडला, तर रस्त्यावरचा चांगला पॅड कुंभार्लीला पुरून उरतो. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याला रेसचा पॅडही पुरणार नाही.

मटेरियलचे ढोबळ प्रकार असे. ऑरगॅनिक पॅड शांत असतो, डिस्क जपतो, थंडीत छान धरतो, पण लांब उतारावर लवकर हार मानतो. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतो, थंडही धरतो, मात्र काळी धूळ करतो, डिस्क जास्त खातो, आणि त्यातलं लोखंड गंजून उभ्या गाडीत डिस्कला चिकटतं. सिरॅमिकची धूळ कमी, गंजाचा त्रास कमी, आवाज नाही. काही सिरॅमिक पॅडची पहिली पकड जराशी मवाळ लागते, ओल्या डिस्कवर ते जास्त जाणवतं. रेसचे पॅड थंड असताना नीट धरतच नाहीत, कर्कश वाजतात आणि डिस्क कुरतडतात. रस्त्यावरच्या गाडीत ते घालू नयेत, कोकणात तर नाहीच.

किनाऱ्याजवळ राहून महिन्यातून दोन-तीनदा घाट चढउतार करणाऱ्याने वेगवान गाड्यांसाठी बनवलेला सिरॅमिक घ्यावा. गाडी सावंतवाडी-बेळगाव किंवा चिपळूण-कराड अशी सारखी पळत असेल आणि चालवणारा हात जोरात असेल, तर रस्त्यासाठी प्रमाणित असा वरच्या दर्जाचा सेमी-मेटॅलिक बरा. तेव्हा धूळ आणि थोडा आवाज सोसायची तयारी ठेवा. मुंबई-पुण्याची गाडी गणपती आणि शिमग्याला गावी येऊन पंधरा दिवस अंगणात उभी राहत असेल, तर सेमी-मेटॅलिक टाळलेलाच बरा.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेले कोड वाचायला शिका. अमेरिकी पद्धतीत दोन अक्षरं असतात, पहिलं साधारण तापमानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफ किंवा जीजी हवं. जीई दिसलं तर तो पॅड तापल्यावर पडतो, घाटाच्या कामाचा नाही. युरोपी पॅडवर ई हे अक्षर, देशाचा आकडा आणि ९०आर अशी खूण असते. कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याचं ती सांगते. यातलं काहीच छापलेलं नसेल आणि डब्यावर फक्त नामांकित ब्रँडचं नाव असेल तर माल नकली असण्याची शक्यता धरा.

मापाच्या बाबतीत गाडीच्या नावावर विसंबू नका. ऑक्टाव्हियात साध्या १.८ लिटर इंजिनवालीला पुढे ३१२ मिलिमीटरची डिस्क, आरएसला ३४०. स्कोडा-फोक्सवॅगनच्या डिकीतल्या किंवा सर्व्हिस बुकमधल्या स्टिकरवर पीआर कोड (गाडीला कारखान्यात कोणते भाग लावले ते सांगणारे कोड) असतात. पुढच्या ब्रेकचा १झेड किंवा १एल ने सुरू होतो, मागचा १के ने. दुकानदाराला चासी नंबरबरोबर तो द्या. जुन्या पॅडवरचा पाच आकडी डब्ल्यूव्हीए क्रमांक नव्याशी जुळला की पत्र्याचा आकार जुळला. जाडी आणि झीज दाखवणाऱ्या वायरची जागा मात्र वेगळी तपासावी लागते. पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलचे चारही एकदम बदलायचे. पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीला मागे ड्रम आहेत. तिला पुढे फार चावरा पॅड घातला तर समतोल पुढे सरकतो आणि ओल्या रस्त्यावर एबीएस लवकर कामाला लागतं.

डिस्कच्या मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेल्या डिस्कवर नवे पॅड घालणं वाया. कडेला उंच ओठ आलाय का आणि जांभ्याच्या मातीने चर पडलेत का, तेही पाहा. भोकाभोकाच्या डिस्क दिसायला देखण्या, पण भोकांत तांबडा चिखल बसतो आणि भोकांपासून तडे जातात. भोकं नसलेली, मधून हवा खेळणारी (व्हेंटिलेटेड) साधी डिस्कच घ्या. जुनीच डिस्क ठेवणार असाल तर ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी-तिरकी घासून आधीच्या पॅडचा थर काढा, मग ब्रेक क्लीनरने पुसा.

बसवताना मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टन ढकलू नका, मोटर तुटते. केबलचा हँडब्रेक असलेले बरेचसे मागचे पिस्टन फिरवत आत घालावे लागतात. पिस्टन मागे नेण्याआधी टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढा, नाहीतर ते उतू जाऊन रंग खातं. कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर (होजवर) लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पॅड ज्या खाचांत सरकतो तिथला गंज वायर ब्रशने साफ करून नव्या क्लिपा घाला. पॅड हाताने सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागत असेल तर खाली गंज राहिलाय. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पुढच्या पावसात पिन जाम होते. पिनांचा आणि चाकांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे द्या. ऑक्टाव्हियाच्या व्हील बोल्टला तो १२० न्यूटन-मीटर आहे. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा आणि टाकीची पातळी बघा.

मग नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्यायचे (बेडिंग). कोरड्या दिवशी, पहाटे, कणकवली-कुडाळसारख्या मोकळ्या चौपदरी रस्त्यावर, मागे गाडी नाही हे बघून ताशी ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ ते दहा वेळा वेग उतरवा. दोन ब्रेकमध्ये अर्धा-एक किलोमीटर जाऊ द्या. या काळात पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. पुष्कळदा लोक डिस्क वाकली म्हणतात ती हीच भानगड. शेवटी आठ-दहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड करा. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पहिले ३०० किलोमीटर घाट टाळा.

पावसात लांब सरळ पट्ट्यावर अधूनमधून पेडलला हलका स्पर्श करून डिस्क पुसून घ्यावी. वाळूवर गाडी नेऊच नका. नेलीच, तर त्याच संध्याकाळी चाकांच्या आतून गोड्या पाण्याचा फवारा मारा आणि लगेच दोन किलोमीटर ब्रेक लावत फिरवून डिस्क कोरडी करा. पंधरा दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये किंवा पी मध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.