वर्डप्रेस एकदा तरी हाताने टाकून बघा

सीपॅनेलमधे (होस्टिंगवाला, म्हणजे साईटला जागा भाड्याने देणारा, साईट सांभाळायला जे पान देतो ते) एका क्लिकमधे वर्डप्रेस, म्हणजे ब्लॉग किंवा साईट चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून देणारं बटण असतं, घाई असेल तर खुशाल दाबा, पण पहिल्यांदा तरी हाताने टाका, उद्या साईट बंद पडली की कुठे काय ठेवलंय ते निदान माहीत असतं.

वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून झिप उतरवून घ्या (डॉट कॉम वेगळं प्रकरण आहे). सीपॅनेलच्या फाईल मॅनेजरमधे पब्लिक_एचटीएमएल (साईटच्या फाईलींचं फोल्डर) उघडून झिप तिथे चढवा आणि तिथेच एक्स्ट्रॅक्ट करा. घरून एफटीपीने एकेक फाईल पाठवत बसू नका, फाईली हजारोंनी आहेत आणि मधेच नेट गेलं तर कुठली राहिली ते शोधत बसावं लागतं. एक्स्ट्रॅक्ट केलं की सगळं 'वर्डप्रेस' नावाच्या फोल्डरमधे जातं, ते तिथून बाहेर काढून पब्लिक_एचटीएमएलमधे आणायचं. होस्टिंगवाल्याची इंडेक्स डॉट एचटीएमएल आधीच पडलेली असेल तर उडवा, नाहीतर कधीकधी त्याचंच 'लवकरच येत आहे' दिसत राहतं.

आता डेटाबेस, म्हणजे साईटचा मजकूर साठतो ती जागा, सगळे अडकतात ते इथेच. डेटाबेस बनवायचा, युजर बनवायचा, आणि मग त्या युजरला त्या डेटाबेसला जोडून ऑल प्रिव्हिलेजेसवर (सगळे अधिकार) टिक करायची. ही तिसरी पायरी मी विसरलो होतो आणि अख्खी संध्याकाळ पासवर्ड बदलत बसलो, पासवर्ड बिचारा बरोबरच होता! शिवाय सीपॅनेल नावाआधी तुमच्या अकाऊंटचं नाव चिकटवतं, म्हणजे अकाऊंट 'अंगण' आणि डेटाबेस 'ब्लॉग' असेल तर खरं नाव 'अंगण_ब्लॉग', युजरचंही तसंच. पूर्ण नाव कॉपी करून ठेवा.

मग ब्राऊझरमधे साईट उघडा. भाषा विचारेल, यादीत मराठी आहे. पुढे डेटाबेसची माहिती भरा, होस्ट (डेटाबेस ज्या सर्व्हरवर आहे तो) बहुतेक ठिकाणी लोकलहोस्टच असतो. ही माहिती साठवणारी कॉन्फिगची फाईल वर्डप्रेस स्वतःच लिहितं. युजरनेम 'अ‍ॅडमिन' ठेवू नका, चोर पहिल्यांदा तेच ठोकून बघतात. सर्च इंजिनांना येऊ देऊ नका अशा अर्थाचा एक चौकोन असतो, तो रिकामाच ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. सेटिंग्जमधे पर्मालिंकला (पोस्टच्या पत्त्याला) 'पोस्टचं नाव' निवडलंत की शीर्षकाचाच पत्ता बनतो, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना मात्रा अनुस्वार सगळं धरून, ९ अक्षरांचं होतं. 'आंब्याचं लोणचं' एवढ्याशा शीर्षकाची ११८ अक्षरं! मर्यादा २०० ची, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं, त्यापुढचं शीर्षक कापलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लिंक टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची माळ दिसते, कोणी उघडेल की नाही शंकाच. म्हणून पोस्ट टाकायच्या आधी बाजूच्या पट्टीत स्लग (पत्त्याचा शेवटचा तुकडा) असतो तिथे रोमन लिपीत दोन-तीन शब्द लिहा, शीर्षक मात्र मराठीतच राहू द्या.