वनस्पतिजन्य घटकामुळे लायडिग पेशींतील संप्रेरकनिर्मिती कोठे बदलते, हे कसे शोधावे

वृषणातील टेस्टोस्टेरॉन प्रामुख्याने लायडिग पेशींत तयार होते. एखाद्या वनस्पतिजन्य घटकाने ते वाढले की घटले, एवढे पाहणे सोपे आहे. ते कोणत्या पायरीवर बदलले हे ठरवणे हे खरे काम आहे.

प्रथम पेशींची निवड काळजीपूर्वक करावी. उंदरापासून मिळवलेल्या एमए-१० पेशी सोयीच्या असल्या, तरी त्या मुख्यतः प्रोजेस्टेरॉन तयार करतात. त्यामुळे त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन मोजत बसल्यास हाती फारसे काही लागत नाही. टेस्टोस्टेरॉनच हवे असेल, तर कोलॅजिनेज (ऊतीतील पेशी सुट्या करणारे एन्झाइम) वापरून वृषणाच्या ऊतीतून ताज्या पेशी वेगळ्या कराव्यात. घटक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून डीएमएसओचे अंतिम प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवावे आणि तुलनेच्या पेशींनाही तेवढेच डीएमएसओ द्यावे. सीरममध्ये मूळचीच स्टेरॉइड्स असतात, म्हणून प्रत्यक्ष चाचणी सीरमविरहित माध्यमात करावी.

संप्रेरक कमी दिसले म्हणजे निर्मिती रोखली गेली, असे लगेच मानू नये. कदाचित पेशीच मेल्या असतील. त्यासाठी सहसा एमटीटी चाचणी करतात, ज्यात जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या द्रव्याला जांभळे करतात, पण क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइड्स (एक प्रकारची वनस्पतिजन्य संयुगे) पेशींविनाही एमटीटीचा पिवळा रंग जांभळा करू शकतात. प्लेटमधील पेशी नसलेल्या दोन-तीन खळग्यांत फक्त घटक आणि एमटीटी घालून पाहावे. तेथेही जांभळा रंग उमटला, तर त्या चाचणीवर विसंबू नये.

यानंतर संप्रेरकनिर्मितीच्या साखळीत (ग्राही, सीएएमपी हा पेशीतील संदेशवाहक रेणू, कोलेस्टेरॉलची मायटोकॉन्ड्रियात वाहतूक आणि मग एन्झाइमे) एकेक पायरी ओलांडून पाहावे. एचसीजी (ग्राहीला चिकटून ही साखळी सुरू करणारे संप्रेरक) दिल्यावर प्रतिसाद क्षीण असेल, परंतु फोर्स्कोलिनने (जे ग्राहीला वगळून सीएएमपी वाढवते आणि स्वतःच एका वनस्पतीच्या मुळातून मिळते) तो पूर्ववत राहत असेल, तर दोष ग्राहीच्या आसपास असण्याची शक्यता अधिक. दोन्हींना प्रतिसाद कमी असेल, तर सीएएमपीचे पेशीत शिरणारे रूप द्यावे. तरीही फरक न पडल्यास २२-आर-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हे कोलेस्टेरॉलचे रूप घालावे. ते स्टार या कोलेस्टेरॉल आत नेणाऱ्या प्रथिनाच्या मदतीशिवाय मायटोकॉन्ड्रियात पोहोचते, त्यामुळे त्याने निर्मिती सुधारली तर कोलेस्टेरॉलची आतली वाहतूक अडलेली आहे, असे समजावे. तेही निष्फळ ठरल्यास प्रेग्नेनोलोन (कोलेस्टेरॉलपासून बनणारे पहिले स्टेरॉइड) द्यावे. त्यानेही संप्रेरक वाढत नसेल, तर अडथळा पुढच्या एन्झाइमांत आहे. सोयाबीनमधील जेनिस्टीन ३-बीटा-एचएसडी या, प्रेग्नेनोलोनचे पुढे रूपांतर करणाऱ्या, एन्झाइमाला रोखते, तो याच प्रकारचा अडथळा होय.

मोजणी एलायझाने (प्रतिपिंडाच्या साहाय्याने संप्रेरक मोजणारी चाचणी) करणार असाल, तर पेशी न घातलेल्या माध्यमात घटक मिसळून त्याचेही वाचन घ्यावे, कारण प्रतिपिंड कधीकधी घटकालाच संप्रेरक समजून चिकटते. आकडे प्रति मिलिग्रॅम प्रथिन मांडावेत. एकाच प्लेटमधील तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. पेशी तीन वेगवेगळ्या वेळी वाढवून प्रयोग करावा. मात्रा ठरवताना हे ध्यानात असावे, की आहारातून आलेली बहुतेक फ्लेव्होनॉइड्स रक्तात मुक्त रूपात एका मायक्रोमोलरहूनही कमी असतात. ५० मायक्रोमोलरला दिसलेला परिणाम त्या मात्रेसकटच नोंदवावा.