पातेऱ्यात हरवलेली कोयती शोधताना

आंब्याच्या कलमांखाली पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, कोयती पडली की शोधणारा सहसा पहिल्याच झाडाभोवती चार वेळा फिरतो आणि दगडी कुंपणाच्या गडग्याकडचा कोपरा एकदाही पाहत नाही. याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर साधारण त्याच्या रुंदीएवढ्याच भागात नजर तीक्ष्ण असते; बाकीचे धूसर दिसते आणि डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत पुढे सरकतात. कोणत्या उडीत कोणती जागा पाहिली, हे मनात फारच थोडे टिकते. टॉड होरोविट्झ आणि जेरेमी वुल्फ या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एका अक्षराचा शोध चालू असतानाच पडद्यावरील अक्षरांच्या जागा सतत बदलल्या, तरीही शोध त्यामुळे अधिक अवघड झाला नाही. पुढील प्रयोगांत थोडी स्मृती टिकते असे दिसले, पण तिच्यावर भिस्त ठेवण्याइतकी नाही.

म्हणून पाहून झालेल्या जागेची खूण जमिनीवरच राहू द्यावी. एका गडग्यापासून दुसऱ्यापर्यंत सुंभ (काथ्याची दोरी) ताणून दोन हात रुंदीचा पट्टा आखावा, तेवढाच सावकाश पाहावा, तिथला पातेरा काठीने मागे लोटावा आणि मगच सुंभ पुढे सरकवावा. पातेरा हाताने मुळीच उपसू नये. विषारी सापांतले फुरसेही त्याच रंगात मिसळते आणि कोयतीत गुंतलेल्या नजरेला ते समोर असूनही दिसेलच असे नाही.

वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची निवडावी, म्हणजे पात्याची धार चमकण्याची शक्यता वाढते. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन ट्रीझमन यांनी सहकाऱ्यासह १९८० मध्ये मांडले की एकाच ठळक गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतही चटकन डोळ्यांत भरते, परंतु रंग आणि आकार जुळवून ओळखावी लागणारी वस्तू एकेक जागा तपासूनच सापडते. गंजलेले पाते आणि लाकडी मूठ दुसऱ्या प्रकारात मोडतात. यासाठी मुठीला आधीच मासेमारीच्या जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोरीचे दोन वेढे द्यावेत; लाल चिंधी जांभ्याच्या मातीत बुजते. दोरीवर शेवाळ धरले की ती बदलावी.