ब्रिटिश राजकीय व्यंगचित्र वाचावे कसे

ब्रिटिश वृत्तपत्रातले व्यंगचित्र समोर आले की आपण आधी चेहरा ओळखू पाहतो आणि तो ओळखता आला नाही की पुढे जातो. हा क्रम बदलावा. प्रथम चित्राची तारीख पाहावी, त्यानंतर नेत्याच्या हातात किंवा अंगावर चित्रकाराने काय दिले आहे ते पाहावे. टोमणा बहुधा त्या वस्तूतच दडलेला असतो.

जॉन मेजर पंतप्रधान असताना 'गार्डियन'चे स्टीव्ह बेल त्यांना पँटवरून चड्डी घातलेले दाखवीत. सुपरमॅनही चड्डी बाहेरूनच घालतो हे आठवले की वेश महानायकाचा आणि आतला माणूस अगदीच मिळमिळीत, ही गंमत लक्षात येते. अशी खूण एकदा रुजली की वर्षानुवर्षे टिकते, म्हणून एकाच चित्रकाराची पाच-सहा चित्रे सलग पाहणे सोयीचे.

पुढची पायरी म्हणजे नवे चित्र ज्यावर बेतले आहे ते जुने चित्र शोधणे. ब्रिटिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांच्या १८०५ सालच्या चित्रात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान पिट आणि फ्रान्सचा नेपोलियन एका टेबलाशी समोरासमोर आहेत आणि मध्ये पृथ्वीचा गोल पुडिंग म्हणून वाढलेला आहे. लंबू, हडकुळे पिट महासागराचा मोठा तुकडा कापून घेत आहेत आणि त्यांच्या काट्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या त्रिशूळासारखी तीन टोके आहेत. बुटका नेपोलियन तलवारीने युरोप कापतो आहे. समुद्र एकाचा, जमीन दुसऱ्याची, हा सगळा हिशेब त्या काट्यात आणि तलवारीत मांडलेला आहे. आजचे चित्रकार ही मांडणी उचलतात तेव्हा कोपऱ्यात अनेकदा 'आफ्टर गिलरे' (गिलरे यांच्यावरून) असे लिहून ऋण मान्य करतात. तो कोपरा वाचायला चुकू नये.

तारखेचे महत्त्व बँक्सी या टोपणनावाने काम करणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराच्या एका तैलचित्रात स्पष्ट दिसते. हाउस ऑफ कॉमन्समध्ये खासदारांच्या जागी चिंपांझी बसलेले हे चित्र २००९ मध्ये ब्रिस्टलला प्रथम लागले, तेव्हा खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरण गाजत होते. तेच चित्र, थोडे फेरफार होऊन आणि 'डिव्हॉल्व्ह्ड पार्लमेंट' या नावाने, ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ९९ लाख पौंडांना गेले. तोवर ब्रेक्झिटवरून संसदेत महिनोन्‌महिने कोंडी झालेली होती, त्यामुळे लोकांनी त्यात तीच कोंडी पाहिली. चिंपांझी मात्र तेच होते.

भाषेतला श्लेष हा परक्या वाचकाचा खरा अडसर. पंतप्रधान लिझ ट्रस यांची खुर्ची डळमळू लागली तेव्हा 'इकॉनॉमिस्ट'ने त्यांना 'आइसबर्ग लेडी' म्हटले: माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर 'आयर्न लेडी', आणि आइसबर्ग ही लेट्यूसची जात, जी फार दिवस टिकत नाही. 'डेली स्टार'ने तो धागा पकडून १४ ऑक्टोबर २०२२ पासून ट्रस आधी जातात की लेट्यूस आधी सुकतो हे पाहायला लेट्यूसच्या एका गड्ड्याचे थेट प्रक्षेपण लावले, पुढे त्याला केसांचा टोपही चढवला, आणि ट्रस यांनी २० तारखेला राजीनामा जाहीर केला. थॅचर यांचे बिरूद माहीत नसेल तर ही नुसती भाजी उरते.

मराठी वाचकाला हे सारे अगदीच परके नाही, कारण बाळ ठाकरे यांच्या कुंचल्यावर लंडनचे व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा प्रभाव होता. सरावासाठी एखादे जुने ब्रिटिश चित्र घ्यावे, त्यातली अक्षरे कागदाने झाकावीत, त्या आठवड्यातल्या दोन बातम्या वाचाव्यात आणि आपल्याला लागलेला अर्थ लिहून ठेवल्यावरच कागद बाजूला करावा.