ऑटिझम असलेला मुलगा निवासी संस्थेत राहायला जाणार असेल तर

आपले हातपाय चालतायत तोवरच हे करायचं. आईबाप गेल्यावर रातोरात अनोळखी जागी पोचवलेल्या मुलाला समजावणारं कोणी उरत नाही.

कागद आधी, त्यांना वेळ लागतो. मूल 18 वर्षांचं झालं की आपण आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आपल्यानंतर कोण, हे भावंडांशी स्पष्ट बोला, त्यांना गृहीत धरू नका. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), 1 लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, मृत्युपत्र हेही उरकून घ्या.

संस्था बघायला जेवणाच्या वेळी जा. बदलापूरच्या ‘आधार’सारख्या काही संस्था पालकांनीच उभ्या केल्यात, तरी प्रश्न सगळीकडे विचारायचेच. रात्री किती माणसं असतात? दिवसभर हाताला काम काय? पालकांनी न कळवता आलेलं चालतं का? आणि मुलगा बिथरला तर काय करता? ‘खोलीत बंद करतो’ असं उत्तर आलं तर तिथून निघा, बाकी सोयी कितीही चांगल्या असोत.

सगळ्यात जास्त वेळ द्या वहीला, म्हणजे संस्थेतल्या माणसांसाठी मुलाच्या सवयी लिहून ठेवायच्या वहीला. डॉक्टरांची फाइल आजार सांगते, मुलगा सांगत नाही. वहीत अशा गोष्टी लिहा: भातावर वरण ओतलं तर तो ताट ढकलतो, वाटीत वेगळं दिलं की जेवतो. मनगट चावायला लागला तर रागावू नका, आधी दात दुखतोय का बघा. कुकरच्या शिट्टीआधी सांगितलं तर कान झाकून शांत बसतो. ‘पाणी’ म्हणाला तर कधीकधी त्याला बाहेर जायचं असतं. फिट येत असेल तर ती कशी सुरू होते, किती वेळ टिकते, कोणतं औषध, सगळं मोठ्या अक्षरात. त्याला काय आवडतं, तेही लिहा. तेवढंच नेमकं राहून जातं.

मग राहायची सवय. आधी दिवसभर, मग एक रात्र, मग आठवडा. खोलीचे, तिथे सांभाळणाऱ्या ताईंचे, जेवणघराचे फोटो घरात लावून रोज दाखवा. जुनी चादर न धुता द्या, वास ओळखीचा राहतो.

भेटीचा वार त्याच्या खोलीतल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा आणि जुना वार त्याच्यासमोरच खोडून नवा लिहायला ताईंना सांगा.